जोर-बैठकांच्या आधी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बडोद्यातील वाचकांकडून या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे. दीर्घ काळ बसून किंवा पडून राहिल्यानंतर, घरच्या घरी आणि फारशा साधनांविना, अंगातली ताकद आणि दमसास परत कसा मिळवावा, हे पत्रलेखक विचारतात. सारखे प्रश्न एकत्र करून आणि नावे गाळून ही पत्रे येथे संक्षेपाने दिली आहेत. ज्यांना हृदयविकार आहे, ज्यांची अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्यांना चालताना छातीत दुखते, त्यांनी यातले काहीही आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये.

प्रश्न : माझे वय ५३ आहे. मी मांजलपूरला राहतो आणि गेली अनेक वर्षे हिशेबाचे काम घरूनच संगणकावर करतो. सकाळी नऊला खुर्चीत बसलो की जेवणाखेरीज उठणे होत नाही. शाळेत असताना दांडिया बाजारातल्या आखाड्यात नियमित जात होतो. आता दोन मजले चढले की धाप लागते. मध्यंतरी मनावर घेऊन एका सकाळी शंभर बैठका आणि तीस जोर काढले, तर पुढचे चार दिवस कठडा धरून जिना उतरावा लागला आणि घरातल्यांनी हे वेड सोडून देण्यास सांगितले. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि दाब आटोक्यात आहे. ताकद आणि दम दोन्ही घरी कमावता येतील का?

उत्तर : येतील. परंतु त्या चार दिवसांबद्दल आधी लिहितो, कारण पुष्कळांचा व्यायाम नेमका तिथेच संपतो.

बैठक मारताना खाली जात असता मांडीचे स्नायू ताणलेही जातात आणि त्याच वेळी शरीराचा भारही पेलतात. सवय नसलेल्या स्नायूंना अशा भाराने सूक्ष्म इजा होते आणि तिची ठणक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते. ही ठणक आपोआप शमते आणि तिच्यामुळे घाबरण्याचे कारण नसते. मात्र मर्यादा फारच ओलांडली, तर स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात, त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर संकट ओढवते. व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी दिसू लागली, मांड्या सुजून टणक झाल्या किंवा पायांत जोरच उरला नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. हा प्रकार विशीतल्या, अंगाने धडधाकट मुलांच्या बाबतीतही होतो. तेव्हा पहिल्या दिवशी शंभर बैठका नकोत, या सल्ल्याचा आपल्या वयाशी संबंध नाही.

प्रा. माणिकरावांनी नावारूपाला आणलेल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या संस्थांमुळे बडोद्यातील मराठी घरांत जोर, बैठका, मुद्गल आणि मल्लखांब आजही परके वाटत नाहीत, आणि त्या वारशाचा अभिमान रास्तच आहे. दुर्दैवाने त्या परंपरेतले आकडेच तेवढे लोकांच्या लक्षात राहिले. हजार बैठका काढणाऱ्या मल्लाची गोष्ट घरोघरी सांगितली जाते, पण तो त्या हजारापर्यंत किती वर्षांनी पोहोचला आणि त्याआधी त्याला किती दिवस नुसती आखाड्याची माती उकरायला लावली होती, हे कोणी सांगत नाही. बैठक कशी मारायची हे आपले शरीर विसरलेले नाही, आणि धोका त्यातच आहे : कौशल्य शिल्लक आहे, पण ते पेलणारे स्नायू आणि सांधे आता शाळकरी मुलाचे नाहीत.

बैठेपणाने काय जाते आणि ते किती परत येते, याविषयी अमेरिकेतील डॅलस येथे झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. १९६६ साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवले गेले. तेवढ्या अवधीत त्यांच्या शरीराची जास्तीत जास्त प्राणवायू वापरण्याची क्षमता, म्हणजेच दमसासाचे मूळ माप, पाव हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा असे आढळले की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची क्षमता जेवढी घटली होती, त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने अधिक घटली होती. त्यानंतर पन्नाशीतल्या या गृहस्थांकडून सुमारे सहा महिने बेताबेताने वाढवत नेलेला चालण्या-धावण्यासारखा व्यायाम करवून घेतला गेला आणि त्यांची क्षमता विशीतल्या मूळ पातळीच्या जवळ आली. आपल्या दोन मजल्यांच्या धापेत वयाचा वाटा आहेच, पण खुर्चीचा वाटा मोठा असण्याचा संभव अधिक.

ताकदीचे गणित थोडे निराळे आहे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत जी ताकद वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्थेची करामत असते. आहेत त्याच स्नायूंमधील अधिक तंतूंना एकाच वेळी कामाला लावण्यास ती शिकते. स्नायू प्रत्यक्ष भरू लागल्याचे डोळ्यांना दिसायला साधारण दोन महिने लागतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मात्र त्याहून सावकाश तयार होतात, कारण त्यांना रक्ताचा पुरवठा बेताचाच असतो. म्हणून माझ्या मते तिसरा-चौथा आठवडा सर्वांत फसवा असतो. अंगात उत्साह संचारतो, जिना हलका वाटतो, माणूस एकदम दुप्पट भार घेतो आणि कोपर, खांदा, गुडघ्याची वाटी किंवा टाचेमागची कंडरा दुखावून बसतो. त्या आठवड्यांत स्वतःला आवरले, तर पुढचे बरेचसे सुरळीत होते.

सुरुवात मोजमापाने करावी. हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, दोन्ही हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून पुन्हा बसता येते, ते मोजावे आणि तो आकडा कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवावा. साठ ते चौसष्ट वर्षांच्या पुरुषाला या चाचणीत चौदापेक्षा कमी जमले, तर ते सरासरीहून कमी समजतात. आपले वय त्रेपन्न आहे, तेव्हा चौदाच्या वर असायलाच हवे. नसेल, तर निराश न होता तेथूनच आरंभ करावा.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, ताकदीचा व्यायाम करावा. खुर्चीवरून उठणे-बसणे हा त्याचा पाया. खाली बसताना मनात तीन अंक मोजत सावकाश बसावे, कारण स्नायूंचे खरे काम तिथेच होते. दुसरा व्यायाम जोराचा, पण तो जमिनीवर नव्हे, तर भिंतीवर. भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे भिंतीवर टेकवावेत, शरीर सरळ ठेवून छाती भिंतीकडे न्यावी आणि मागे यावे. हे सोपे झाले की स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मग भक्कम बाकावर आणि सर्वांत शेवटी जमिनीवर यावे. तिसरा व्यायाम ओढण्याचा असतो आणि घरी व्यायाम करणारे तो हमखास विसरतात. पुस्तकांनी भरलेली कापडी पिशवी एका हातात घ्यावी, दुसरा हात खुर्चीवर टेकून कमरेतून वाकावे आणि पिशवी कमरेपर्यंत वर ओढावी. दिवसभर संगणकापुढे पुढे झुकलेल्या खांद्यांना याची जेवढी गरज असते, तेवढी जोरांचीही नसते. याशिवाय पाठीवर झोपून, गुडघे मुडपून कंबर वर उचलणे, उभे राहून टाचा उचलणे आणि दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन ताठ मानेने घरात फेऱ्या मारणे, एवढे पुरे. खंडेराव मार्केटमधून भाजी आणताना हा शेवटचा व्यायाम आपण करतोच, फक्त एकाच हातात सगळे ओझे घेऊन आणि वाकडे होऊन करतो.

प्रत्येक प्रकार आठ ते दहा वेळा, मध्ये दीड-दोन मिनिटे थांबून, दोनदा करावा. अजून दोन-तीन वेळा सहज जमले असते असे वाटत असतानाच थांबावे. जोर लावताना श्वास सोडावा आणि कोणत्याही वेळी तो रोखून धरू नये. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब त्या क्षणापुरता फार चढतो, आणि आपल्याला गोळी चालू असल्याने हे पथ्य विशेष कटाक्षाने पाळावे. लागोपाठ दोन खेपांना बारा आवर्तने आरामात झाली, तरच पुढची पायरी चढावी आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवावी : संख्या तरी किंवा भार तरी.

मग खऱ्या बैठका कधी, असे आपण मनात विचारत असाल. खुर्चीऐवजी वीतभर खालच्या स्टुलावरून हात न लावता बारा वेळा संथपणे उठता आले की अर्ध्या बैठका घ्याव्यात. आखाड्यातली टाचा उचलून, झपाझप मारण्याची बैठक गुडघ्याच्या वाटीवर पुष्कळ भार टाकते, म्हणून तिला तीन महिन्यांनंतरच हात घालावा आणि दहापासून. अंगाला झोका देऊन काढायच्या जोरांचेही तसेच आहे. त्यात खांदा आणि कंबर दोन्ही ताणले जातात, तेव्हा आधी जमिनीवर सरळ अंगाने दहा जोर निघाले पाहिजेत.

दमसासासाठी चालावे, मुख्यतः उरलेल्या दिवसांत. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरेत. वेग असा असावा की चालता चालता बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. नाडीचे ठोके मोजून वेग ठरवण्याची पद्धत आपल्यासाठी भरवशाची नाही, कारण रक्तदाबावरच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत आणि मग नाडीची कमाल गती काढण्याचे, २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र निरुपयोगी ठरते. दर आठवड्याला प्रत्येक फेरीत चार-पाच मिनिटे वाढवत, आठवड्याचे पाच दिवस अर्धा तास इथपर्यंत यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जी किमान मर्यादा सांगितली, ती हीच : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंचा व्यायाम. दीड-दोन महिन्यांनी, एक मिनिट भरभर आणि दोन मिनिटे संथ, असे आलटून पालटून चालावे. जिन्याची धाप मुख्यतः याने कमी होते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा कमाटी बागेच्या फेऱ्या उजाडताच उरकाव्यात, आणि पावसाळ्यात रस्ते तुंबलेले असताना घरातल्या सर्वांत खालच्या पायरीवर चढ-उतार करावी.

आणखी एक गोष्ट. सकाळी पाऊण तास घाम गाळून पुढचे आठ तास त्याच खुर्चीत अवघडून बसलात, तर केलेल्याचा बराच लाभ हातचा जाईल. अर्ध्या-पाऊण तासाने उठावे, फोन उभ्याने घ्यावा, पाणी लहान पेल्यातून प्यावे, म्हणजे पुन्हा पुन्हा उठावे लागते. छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, भोवळ किंवा हृदयाची अनियमित धडधड जाणवली तर व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. ताप किंवा प्रवासामुळे दोन आठवडे खंड पडला, तर जिथे सोडले तिथून सुरुवात न करता निम्म्यापासून करावी.

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून गोत्रीला राहते आणि घरूनच नोकरी करते. लहानपणापासून नवरात्रात नऊही रात्री गरबा खेळत आले, पण गेल्या वर्षी तिसऱ्याच रात्री पोटऱ्या भरून आल्या आणि टाच इतकी दुखू लागली की उरलेल्या रात्री खुर्चीवर बसून पाहण्यात गेल्या. नवरात्राला अजून तीन महिने आहेत. काय करावे?

उत्तर : तीन महिने अगदी पुरेसे आहेत, फक्त ते आजपासून मोजावेत, श्रावण संपल्यावर जागे झाल्यास उपयोग नाही. बडोद्याचा गरबा मोठ्या मैदानात, मोठ्या वर्तुळात आणि बहुधा अनवाणी खेळला जातो. दोन-तीन तासांत हजारो वेळा चवड्यावर उसळी, गिरकी आणि एकाच पायावर तोल, हे सगळे पोटऱ्या, टाचेमागची कंडरा आणि तळपायाची कमान यांच्या जिवावर चालते. वर्षभर घरात चपलेत आणि खुर्चीत राहिलेल्या पायांकडून नऊ रात्री सलग हे काम घेतले, तर ते तिसऱ्या रात्री नकार देणारच.

पहिला महिना टाचा उचलण्याचा. आधी दोन्ही पायांवर, मग पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच खाली सोडत, मग एकेका पायावर. एका पायावर, भिंतीला बोट टेकून, सलग वीस वेळा टाच उचलता येईपर्यंत उड्या मारू नयेत. ही अट जाचक वाटेल, पण मी ती शिथिल करणार नाही. जोडीला एका पायावर अर्धा मिनिट उभे राहणे, वरच्या प्रश्नात सांगितलेले खुर्चीवरून उठणे आणि गुडघे किंचित वाकवून आडवे चालणे.

दुसऱ्या महिन्यात सतरंजीवर किंवा मातीत लहान लहान उड्या घ्याव्यात. पहिल्या दिवशी पंचवीस-तीस पुरेत, आठवड्यातून तीनच दिवस, आणि दर आठवड्याला दहा-दहाने वाढ. त्याच दिवसांत संगीत लावून एक मिनिट ताल, एक मिनिट विसावा, असे दहा वेळा करावे. तिसऱ्या महिन्यात दोन टाळीचा गरबा सलग वीस मिनिटे, मग थोडे थांबून पुन्हा वीस मिनिटे, आणि शेवटी तीन टाळीची गती. खेळायचे अनवाणी असेल, तर सरावही हळूहळू अनवाणी करावा. नवरात्राच्या दोन आठवडे आधी लागोपाठ दोन रात्री तासभर खेळून पाहावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी पाय काय म्हणतात ते कळेल. शेवटच्या आठवड्यात मात्र सराव निम्म्यावर आणावा.

सकाळी अंथरुणातून उतरताना पहिल्या चार पावलांना टाच दुखत असेल, तर ते तळपायाच्या पट्ट्याचे दुखणे असते आणि उड्या सुरू करण्यापूर्वी त्याचा इलाज करून घ्यावा. शिवाय एकदा रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ते कमी असलेल्या स्त्रियांची संख्या आपल्याकडे मोठी आहे, आणि रक्तच कमी असेल तर कितीही सराव केला तरी दम टिकत नाही.

प्रश्न : माझ्या आईचे वय ७४ आहे. न्यूमोनिया झाल्यावर तिने जवळजवळ अंथरूणच धरले. आता आजार बरा आहे, पण पलंगावरून उठताना हाताला धरावे लागते आणि पडण्याच्या भीतीने ती चालायचे टाळते. रावपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात जिना उभा आहे. या वयात व्यायामाने ताकद येते का? आम्ही तिला काहीही करू देत नाही.

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य मला सर्वांत चिंतेचे वाटले. आईला पाण्याचा तांब्याही हातात आणून देणे ही माया आहे, पण त्या मायेने त्यांचे पाय दिवसेंदिवस दुबळे होत आहेत.

या वयात ताकद येते, आणि चांगली येते. बॉस्टनमधील एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांकडून देखरेखीखाली आठ आठवडे मांड्यांचा भारयुक्त व्यायाम करवून घेतला होता, आणि १९९० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या नऊ जणांनी तो पुरा केला, त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरीने दुपटीहून अधिक वाढली. आपली आई त्यांच्यापेक्षा बरीच तरुण आहे.

प्रथम त्यांच्या डॉक्टरांकडून फुप्फुसे, हृदय, उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो का, ब-१२ आणि ड जीवनसत्त्वे व झोपेच्या गोळ्या यांची पाहणी करून घ्यावी, आणि जमल्यास सुरुवातीचे काही दिवस फिजिओथेरपिस्टला घरी बोलवावे. उठताना आधी काठावर पाय खाली सोडून मिनिटभर बसू द्यावे. खुर्ची भिंतीला टेकवून तिच्यावर घडी केलेली गोधडी ठेवली की बैठक उंच होते आणि उठणे सोपे पडते. त्यांना दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रेटून स्वतः उठू द्यावे. आपण समोरून हात धरून ओढू नये, त्याने खांदा दुखावतो आणि पायांना काम मिळत नाही. पाच वेळा उठबस, दिवसातून दोनदा, एवढ्यावर पहिला आठवडा काढावा. मग एकेक घडी कमी करत जावे. तोलासाठी ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा उचलणे, आडवी पावले टाकणे आणि एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे ठेवून उभे राहणे, हे आठवड्यातून किमान तीन दिवस करावे. आपण मागे उभे राहावे, पण हात न लावता. पाय स्थिर वाटू लागले की जिन्याच्या दोनच पायऱ्या, कठडा धरून, चढताना धडधाकट पाय आधी आणि उतरताना दुबळा पाय आधी.

घरातली सुटी पायपुसणी उचलून टाकावीत, न्हाणीघर कोरडे ठेवावे, रात्री पलंगापासून तिथपर्यंत दिवा असावा. आणि देवासाठी फुले खुडणे, भाजी निवडणे, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे ही कामे त्यांना परत द्यावीत.

प्रश्न : मी २७ वर्षांचा, शाकाहारी, वजन ६० किलो. घरी व्यायाम सुरू केला आहे. मित्र म्हणतात, प्रोटीन पावडरीशिवाय काही होणार नाही. खरे का?

उत्तर : खरे नाही. पावडर विष नव्हे, परंतु तिची निकडही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे दररोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे आपल्याला पन्नास ग्रॅम. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याने किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम घ्यावीत असे सामान्यतः मानले जाते, तेव्हा आपले लक्ष्य सुमारे बहात्तर ते शहाण्णव ग्रॅम. पाव लिटर दुधात सुमारे आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, मूठभर शेंगदाण्यांत सात, तीस ग्रॅम कोरड्या डाळीच्या वाटीभर घट्ट वरणात सात, दर पोळीत तीन. हिशेब मांडून पाहा : दोन पेले दूध, शंभर ग्रॅम पनीर, दोन वेळचे वरण, वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ, सहा पोळ्या आणि शेंगदाणे एवढ्यात आपण सत्तरी ओलांडता. गोम एवढीच की आपल्याकडचे वरण बहुधा पातळ असते आणि वाटी लहान. बडोद्याची सेव-उसळ उसळच असली, तरी तिच्यात वाटाण्यापेक्षा तर्री आणि सेव यांचाच भाग मोठा, म्हणून ती या हिशेबात धरू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने आपल्या मनाने वाढवू नयेत.

प्रश्न : रोज दहा हजार पावले चाललेच पाहिजेत का? माझी सहा हजारांवर जात नाहीत आणि त्याची टोचणी लागून राहते. (वय ६१, कारेलीबाग)

उत्तर : टोचणी सोडावी. दहा हजार हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. त्यामागे वैद्यकीय मोजमाप नव्हते. आपली सहा हजार पावले चांगलीच आहेत. त्यांपैकी हजार-दीड हजार भरभर टाकावीत आणि आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम जोडावा. पावले मोजणारे यंत्र तो मोजत नाही, म्हणून पुष्कळांकडून तो राहूनच जातो.

प्रश्न : खुर्चीवरून उठताना गुडघे कटकट वाजतात. झीज झाली असेल का? व्यायाम थांबवू का? (वय ४८)

उत्तर : दुखत नसेल, सूज नसेल आणि गुडघा अडकत किंवा दगा देत नसेल, तर नुसत्या आवाजासाठी व्यायाम थांबवू नये. असा आवाज निरोगी गुडघ्यांतही येतो. दुखत असेल, तर कमी खोल बसावे आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखणे रेंगाळते का ते पाहावे. रेंगाळले तर भार कमी करावा, सूज आली तर दाखवावे.

प्रश्न : मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो. व्यायाम केव्हा करावा? (वय ५८, वाडी)

उत्तर : जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांचे चालणे रक्तातील साखर उतरवण्यास विशेष उपयोगी पडते, म्हणून तिथूनच सुरुवात करावी. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना उपाशीपोटी ताकदीचा व्यायाम करू नये. सुरुवातीचे काही दिवस व्यायामापूर्वी आणि नंतर साखर मोजावी, आणि ती उतरत असल्यास मात्रा स्वतः न बदलता डॉक्टरांना तो आकडा दाखवावा. जोरदार व्यायामानंतर साखर कित्येक तासांनी, अगदी रात्री झोपेतही उतरू शकते, हे घरातल्यांना माहीत असावे. थरथर, घाम, गोंधळल्यासारखे वाटले की लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी. साखरेची पुडी खिशात असावी, घरी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. डोळ्यांच्या पडद्याचा विकार असल्यास डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज ओझे उचलू नये आणि डोके खाली झुकवण्याचे प्रकार करू नयेत. पायांना बधिरपणा असेल, तर घरातही अनवाणी व्यायाम करू नये. बंद, सैलसर बूट आणि शिवण न टोचणारे मोजे घालावेत, बुटात हात घालून खडा नाही ना हे पाहावे आणि व्यायामानंतर दोन्ही तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडात तपासाव्यात; वाकता येत नसेल तर आरशात, किंवा घरातल्या कोणाला तरी पाहायला सांगून.